थांबायची सोय होती, तरी थांबले नाहीत : इराकची राज्यघटना

१५ ऑक्टोबर २००५ रोजी इराकमध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालं. देशभरातली जवळपास ७९ टक्के मतं घटनेच्या बाजूने पडली. इतका भरघोस कौल मिळाल्यावर विषय तिथेच संपायला हवा होता. पण निकाल जाहीर होईपर्यंतचे दहा दिवस सगळ्यांचं लक्ष लागलं होतं ते निनेवे नावाच्या एका प्रांताकडे. मोसुल शहर याच प्रांतात येतं. नियम असा होता की देशभर बहुमत मिळालं, तरी १८ पैकी कुठल्याही तीन प्रांतांत दोन तृतीयांश मतदारांनी 'नाही' म्हटलं, तर घटना पडली. अन्बार प्रांतात ९७ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. सलाहुद्दीनमध्ये ८२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोन प्रांत झाले होते. निनेवेत 'नाही'ची मतं निघाली ५५ टक्के. लागत होती ६६.६७ टक्के. घटना वाचली ती अशी.

त्याच दिवशी उत्तरेच्या तिन्ही कुर्द प्रांतांत 'हो' म्हणणारे ९९ टक्के होते, आणि दक्षिणेच्या बहुतेक शिया प्रांतांत नव्वदीच्या वर. कागद सगळ्यांच्या हातात एकच होता. पण आकडे प्रांतवार मांडले की कुठल्या प्रांतात कोण राहतं, हे नकाशा न उघडताही सांगता येतं. घटनेचं काम लोकांना एका छपराखाली आणण्याचं असतं, आणि इथे घटनेवरच्या मतदानानेच कोण कुणाच्या बाजूला आहे हे पक्कं झालं. असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण दंगली, बॉम्बस्फोट आणि परकी फौज अशा वातावरणात घटना लिहायची वेळ आलेला इराक हा काही शेवटचा देश नाही.

आधी माणसं समजून घेऊ. इराकमध्ये निम्म्याहून जास्त लोक शिया अरब आहेत, मुख्यतः बगदादच्या दक्षिणेला. सुन्नी अरब साधारण पाचवा हिस्सा, पश्चिमेला आणि बगदादच्या वरच्या पट्ट्यात. कुर्दही जवळपास तेवढेच, उत्तरेच्या डोंगराळ भागात. बहुतेक कुर्द धर्माने सुन्नीच आहेत, पण त्यांचं भांडण पंथावरून नाही. ते भाषेचं आणि भूमीचं आहे. म्हणून इराकच्या संदर्भात नुसतं 'सुन्नी' म्हटलं की सुन्नी अरब असं समजायचं. याशिवाय तुर्कमेन, ख्रिस्ती, यझिदी, शबक, मंदाई असे लहान समाज आहेत. आणि बगदादसारख्या शहरात नवरा शिया, बायको सुन्नी अशी घरं मुळीच दुर्मीळ नव्हती. देशाचे तीन सरळ तुकडे आहेत असं बाहेरच्यांना वाटायचं, तितका हा देश सरळ कापलेला कधीच नव्हता.

पण भीती मात्र तिघांची तीन तऱ्हेची होती, आणि तिघांचीही खरी होती. १६ मार्च १९८८ रोजी सद्दाम हुसेनच्या राजवटीने हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले. सुमारे पाच हजार माणसं मेली. बगदादच्या हातात पुन्हा सगळी सत्ता द्यायची नाही, हे कुर्दांनी त्यातून ठरवून टाकलं होतं. १९९१ मध्ये दक्षिणेतल्या शियांनी उठाव केला, तो चिरडला गेला आणि त्यातल्या सामूहिक कबरी अमेरिकेने २००३ मध्ये सद्दामची राजवट उलथल्यावर उकरल्या गेल्या. बहुसंख्य असूनही आपण मारले गेलो, आता बहुमताचं राज्य आलंच पाहिजे, ही शियांची मागणी तिथून आली. सुन्नी अरबांची भीती ताजी होती. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आठवड्याच्या अंतराने दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं, दुसऱ्याने अख्खं सैन्य बरखास्त केलं. लाखो घरांचा पगार बंद झाला. त्यात सगळ्या पंथांचे लोक होते, पण अधिकारीवर्गात सुन्नी जास्त असल्यामुळे हे सगळं आपल्याविरुद्ध चाललंय अशी त्यांची खात्रीच झाली.

घटना कुणी लिहायची, हा पहिला वाद. अमेरिकेला वाटत होतं की निवडक, जाणत्या इराकी लोकांची समिती नेमावी आणि तिच्याकडून मसुदा करून घ्यावा. नजफमध्ये राहणारे वयोवृद्ध शिया धर्मगुरू आयातुल्ला अली सिस्तानी यांनी जून २००३ मध्ये फतवा काढला: घटना लिहिणारे लोक इराकी जनतेने निवडून दिलेलेच हवेत, परक्यांनी नेमलेल्यांना तो अधिकार नाही. तत्त्व म्हणून त्यांचं म्हणणं बिनतोड होतं, आणि अमेरिकेला शेवटी ते मान्य करावं लागलं. पण आधी निवडणूक म्हणजे आधी शिरगणती, आणि शिरगणतीत कोण जिंकणार हे सगळ्यांना माहीत होतं. तत्त्व आणि फायदा एकाच बाजूला असला की समोरच्याला त्यातलं तत्त्व दिसतच नाही.

८ मार्च २००४ रोजी तात्पुरत्या कायद्यावर सह्या झाल्या. कायमची घटना होईपर्यंत देश या कायद्यावर चालायचा होता. त्यातलं कलम ६१ म्हणजे पुढच्या सगळ्या नाट्याची संहिता. मसुदा १५ ऑगस्ट २००५ पर्यंत, सार्वमत १५ ऑक्टोबरपर्यंत, नवी निवडणूक १५ डिसेंबरपर्यंत. तीन प्रांतांच्या नकाराधिकाराची तरतूदही याच कलमात आहे. ती कुर्दांनी घालून घेतली होती. त्यांचे प्रांत बरोबर तीन आहेत. ही तरतूद पाहून अमेरिकेने नेमलेल्या शासन परिषदेतले शिया सदस्य इतके बिथरले, की तीन दिवस आधी ठरलेला सह्यांचा समारंभ ऐनवेळी रद्द करावा लागला होता.

या नकाराधिकारामागचा विचार मला योग्य वाटतो. दुभंगलेल्या देशात साध्या बहुमताने घटना मंजूर करणं म्हणजे मोठ्या गटाने लहान गटाला नियम ऐकवणं. लहान गटाला नाही म्हणण्याची ताकद असेल, तरच मोठा गट त्याच्याशी बोलायला बसतो. पण त्यासाठी बोलायला सगळे हजर असावे लागतात.

३० जानेवारी २००५ रोजी घटना लिहिणाऱ्या संसदेची निवडणूक झाली, आणि सुन्नी अरबांनी तिच्यावर बहिष्कार घातला. दोनच महिन्यांपूर्वी फलुजा शहरात अमेरिकी फौजांनी मोठी लढाई केली होती, शहराचा बराच भाग उद्ध्वस्त झाला होता, लोक परागंदा झाले होते. सुन्नी धर्मपंडितांच्या संघटनेने बहिष्काराची हाक दिली, आणि सशस्त्र गटांनी मतदान करणाऱ्याला मारण्याच्या धमक्या दिल्या. अन्बारमध्ये मतदान झालं फक्त दोन टक्के.

इथे निवडणुकीच्या पद्धतीने घात केला. संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ धरला होता. आपल्याकडे एखाद्या मतदारसंघात दहा टक्केच मतदान झालं, तरी तिथला खासदार निवडून येतोच. त्या भागाची जागा कुठे जात नाही. इराकमध्ये मात्र देशभरातली मतं एकत्र मोजून पक्षांना जागा वाटल्या. ज्या प्रांतात मतदान झालं नाही, त्याच्या जागाच दुसरीकडे गेल्या. २७५ जागांपैकी शिया आघाडीला १४०, कुर्द आघाडीला ७५ मिळाल्या. सुन्नी अरब सदस्य जेमतेम सतराच्या घरात आले, तेही निरनिराळ्या पक्षांतून. प्रांतवार जागा आधीच ठरवून ठेवल्या असत्या, तर बहिष्कार घालूनही अन्बारच्या जागा रिकाम्या राहिल्या असत्या, आणि मागाहून भरताही आल्या असत्या.

एक भाऊ गावात नसताना बाकीच्यांनी वाटणीपत्र केलं, तर पुढे काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. तो भाऊ स्वतःहून गेला होता की त्याला बोलावलं नव्हतं, हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालतो. पण त्या कागदाला तो आपला कधीच म्हणत नाही.

निवडणुकीनंतर सरकार बनवण्यातच तीन महिने गेले. मे महिन्यात ५५ जणांची मसुदा समिती नेमली. अध्यक्ष शिया आघाडीचे हुमाम हमूदी, उपाध्यक्षांपैकी एक कुर्द नेते फुआद मासूम. ५५ जणांत सुन्नी अरब होते दोन. हे चालणार नाही हे सगळ्यांच्याच लक्षात आलं, म्हणून वाटाघाटी होऊन जुलैच्या सुरुवातीला निवडून न आलेले १५ सुन्नी सदस्य आणि काही सल्लागार समितीवर घेतले. मुदत संपायला तेव्हा सहा आठवडे उरले होते. १९ जुलैला त्यातले एक सदस्य मिजबिल ईसा आणि एक सल्लागार बगदादच्या करादा भागात जेवून बाहेर पडत असताना गोळ्या घालून मारले गेले. बाकीच्या सुन्नी सदस्यांनी काम थांबवलं, आणि सुरक्षेची हमी मिळाल्यावर काही दिवसांनी ते परत आले. घटना लिहिणारी माणसं जीव मुठीत धरून बैठकीला येत होती. कलमांची चर्चा करताना हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असायला हवं.

आता मुदतीचं. त्याच कलम ६१ मध्ये एक सोय होती: १ ऑगस्टपर्यंत कळवलं, तर मसुद्याची मुदत एकदा सहा महिन्यांनी वाढवता येत होती. समितीतल्या बऱ्याच जणांना वेळ हवा होता. पण वॉशिंग्टनला वेळापत्रक पाळलेलं दाखवायचं होतं. अमेरिकेत युद्धाबद्दल नाराजी वाढत होती, आणि 'मसुदा झाला, सार्वमत झालं, निवडणूक झाली' अशा ठरल्या तारखांना होणाऱ्या बातम्यांची तिथल्या सरकारला गरज होती. २७ जुलैला संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड स्वतः बगदादला आले आणि मुदत पाळा असं बजावून गेले. शिया आणि कुर्द नेत्यांनाही घाईच सोयीची होती. हातात बहुमत होतं, ते असतानाच काम उरकायचं. १ ऑगस्ट आला आणि गेला. मुदतवाढ मागितली नाही.

मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक हीच. सहा महिन्यांत हिंसाचार थांबला असता अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. पण सुन्नी सदस्यांना समितीत रुळायला, आपल्या लोकांत जाऊन बोलायला, कुठे हटायचं आणि कुठे अडायचं हे ठरवायला वेळ मिळाला असता. जानेवारीचा बहिष्कार चुकला, हे सुन्नी समाजात तोपर्यंत उघड बोललं जाऊ लागलं होतं. डिसेंबरच्या निवडणुकीत ते मोठ्या संख्येने उतरले हा त्याचा पुरावा. म्हणजे ज्यांची वाट बघायची, ते यायला निघाले होते.

८ ऑगस्टपासून ५५ जणांची समिती जवळजवळ बाजूला पडली. मोठ्या पक्षांचे पाच-सहा नेते बगदादच्या सुरक्षित पट्ट्यात एकमेकांच्या निवासस्थानी भेटू लागले, आणि अमेरिकी राजदूत झल्मे खलीलझाद मध्यस्थी करू लागले. इराकी लोक या बैठकांना 'मत्बख', म्हणजे स्वयंपाकघर, म्हणत. शिया आणि कुर्द नेते आधी आपसांत ठरवत आणि मग सुन्नींना निरोप जाई. ११ ऑगस्टला शिया नेते अब्दुल अझीझ हकीम यांनी नजफमध्ये जाहीर मागणी केली की दक्षिणेच्या नऊ प्रांतांचा मिळून एक शिया प्रदेश करावा. सुन्नींच्या पायाखालची वाळू सरकली ती या मागणीने. उत्तरेचा कुर्दिस्तान ते मनातून स्वीकारू लागले होते, कारण तो १९९१ पासून वेगळाच चालत होता. पण दक्षिणही वेगळी झाली तर तेल दोन्ही टोकांना, आणि मधे आपल्याकडे वाळवंट.

१५ ऑगस्टला रात्री बारा वाजायला काही मिनिटं असताना संसदेने मुदत सात दिवस वाढवली. सहा महिने नको म्हणणाऱ्यांवर एकेक दिवस मागायची वेळ आली. २२ तारखेला अपुरा मसुदा आला, मग आणखी काही दिवस गेले, आणि २८ ऑगस्टला तो संसदेत फक्त वाचून दाखवला. मत घेतलंच नाही. सुन्नी सदस्यांनी तो नाकारला होता. तरीही सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्यात बदल होत राहिले.

मसुद्यात होतं काय? सगळी कलमं घेत नाही. ज्यांच्यावर देश अजून भांडतो ती तीन-चार घेतो.

पहिलं संघराज्याचं. केंद्राकडे परराष्ट्र धोरण, संरक्षण, चलन अशी मोजकी कामं दिली. जे केंद्राकडे स्पष्टपणे दिलेलं नाही ते सगळं प्रदेशांचं आणि प्रांतांचं, आणि सामाईक विषयांत दोघांचे कायदे भिडले तर प्रदेशाचा कायदा वरचढ, असं कलम ११५ सांगतं. भारतात याच्या बरोबर उलट आहे: उरलेले अधिकार केंद्राचे, आणि समवर्ती सूचीत कायदे भिडले तर साधारणपणे केंद्राचा चालतो. फाळणीच्या वणव्यात घटना लिहिणाऱ्या आपल्या लोकांना देश फुटण्याची भीती होती. इराकमध्ये घटना लिहिणाऱ्या दोन गटांना बगदादच्या सिंहासनाची भीती होती. कलम ११९ ने तर कुठल्याही एक किंवा अधिक प्रांतांना सार्वमत घेऊन स्वतःचा प्रदेश करायची मुभा दिली. पुढे गंमत उलटली. २०११ मध्ये हा हक्क मागायला पुढे आले ते सलाहुद्दीन आणि दियाला हे प्रांत. ज्यांनी संघराज्याला सर्वांत जास्त विरोध केला, त्यांनाच बगदादमध्ये शिया पंतप्रधान आल्यावर संघराज्य हवंसं वाटू लागलं, आणि पंतप्रधान नूरी मलिकी यांनी त्यांची मागणी अडवली.

दुसरं तेलाचं. इराकच्या सरकारची जवळजवळ सगळी मिळकत तेलातून येते, त्यामुळे हे कलम जरा जवळून बघू. कलम १११ म्हणतं की तेल आणि वायू ही सर्व प्रदेशांतल्या, सर्व प्रांतांतल्या इराकी जनतेची मालमत्ता आहे. वाचायला छान. मग कलम ११२ येतं: 'सध्याच्या' तेलक्षेत्रांतून निघणाऱ्या तेलाचं व्यवस्थापन केंद्र सरकार तेल काढणाऱ्या प्रांतांच्या आणि प्रदेशांच्या सोबतीने करील, आणि उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलं जाईल. मग पुढे सापडणाऱ्या तेलाचं काय? घटना गप्प. केंद्राच्या खास अधिकारांच्या यादीतही तेल नाही. कुर्दांनी अर्थ लावला की नवं तेल आमचं. बगदादने लावला की सगळं तेल सर्वांचं, म्हणून हाताळणार केंद्र. दोघेही घटनेवरच बोट ठेवत होते. तपशील पुढे कायद्याने ठरवू असं कलमात लिहिलं होतं. तेलाच्या त्या राष्ट्रीय कायद्याचा मसुदा २००७ मध्ये तयार झाला आणि तो आजवर मंजूर झालेला नाही. कुर्दिस्तानने त्याच वर्षी स्वतःचा तेल कायदा केला आणि परदेशी कंपन्यांशी करार केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये बगदादच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पंधरा वर्षं दोन सरकारं एकाच जमिनीतलं तेल दोन वेगवेगळ्या समजुतींवर विकत होती.

तिसरं किर्कुक. तेलाने समृद्ध असलेल्या या शहरावर कुर्द, अरब आणि तुर्कमेन तिघांचा दावा आहे. सद्दामच्या काळात तिथून कुर्दांना हुसकून अरबांना वसवलं होतं. घटनेने तोडगा काढला: आधी हुसकलेल्यांना परत आणा, मग जनगणना करा, मग सार्वमत घ्या, आणि हे सगळं ३१ डिसेंबर २००७ पर्यंत संपवा. हे कलम १४०. तारीख उलटून गेली, सार्वमत झालं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये कुर्दांनी स्वातंत्र्याचं सार्वमत घेतलं, त्यात किर्कुकही धरलं, आणि पुढच्याच महिन्यात केंद्राच्या फौजांनी शहर ताब्यात घेतलं.

चौथं धर्माचं. कलम २ सांगतं की इस्लाम हा राज्याचा अधिकृत धर्म आणि कायद्याचा एक पायाभूत स्रोत आहे. इस्लामच्या प्रस्थापित तत्त्वांविरुद्ध कायदा करता येणार नाही. लगेच पुढे: लोकशाहीच्या तत्त्वांविरुद्धही नाही, आणि घटनेतल्या मूलभूत हक्कांविरुद्धही नाही. तिन्ही कसोट्या एकाच कलमात, एकाच मापाच्या. त्या आपसांत भिडल्या तर निवाडा न्यायालय करील, आणि त्या न्यायालयात न्यायाधीशांबरोबर शरियतचे जाणकारही असतील. पण किती असतील आणि कसे निवडायचे, हे दोन तृतीयांश बहुमताच्या कायद्याने नंतर ठरवायचं. तो कायदाही झालेला नाही. आज जे न्यायालय आहे, ते घटनेआधीच्या कायद्यावर उभं आहे. प्रांतांचं प्रतिनिधित्व करणारं संसदेचं दुसरं सभागृहही असंच 'नंतर'वर टाकलं होतं. तेही अस्तित्वात आलेलं नाही.

हे सगळं 'नंतर' मला फार खटकतं, पण सरसकट नाही. ज्यावर आज एकमत होत नाही ते उद्यावर टाकणं हा घटना लिहिण्यातला जुना आणि पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग आहे. आपल्या घटनेनेही समान नागरी कायदा मार्गदर्शक तत्त्वांत ठेवून दिला. फरक एवढाच की पुढे ढकललेलं ठरवायला मधल्या काळात काम करणारी संस्था लागते. इराकने प्रश्नही पुढे ढकलले, आणि ते सोडवू शकणारं न्यायालय आणि दुसरं सभागृहही पुढे ढकललं.

सार्वमताच्या आधीचे पंधरा दिवस तर बघवत नाहीत. २ ऑक्टोबरला संसदेने अचानक ठराव केला: घटना मंजूर व्हायला मतदान करणाऱ्यांचं बहुमत पुरे, पण नाकारायला मात्र प्रांतातल्या नोंदणी झालेल्या सगळ्या मतदारांच्या दोन तृतीयांश हवेत. म्हणजे घरी बसलेला माणूसही 'हो' म्हणाला असं धरायचं. संयुक्त राष्ट्रांनी आक्षेप घेतला, ओरड झाली, आणि तीन दिवसांत ठराव मागे घ्यावा लागला. मतदानाला तीन दिवस उरले असताना, १२ ऑक्टोबरला, आणखी एक तडजोड झाली. इराकी इस्लामिक पार्टी या सुन्नी पक्षाने पाठिंबा दिला, आणि बदल्यात कलम १४२ घातलं: नवी संसद एक समिती नेमील, ती चार महिन्यांत दुरुस्त्या सुचवील, आणि त्या एकगठ्ठा लोकांपुढे जातील. तडजोड चांगली होती. पण घटनेच्या पन्नास लाख प्रती संयुक्त राष्ट्रांनी त्याआधीच छापून वाटायला सुरुवात केली होती. लोकांच्या हातात जो मजकूर होता, त्यात हे कलम नव्हतंच.

दुरुस्ती समिती बसली, २००७ मध्ये अहवालही आला, पण एकही दुरुस्ती झाली नाही. त्याचं कारण कलम १४२ मध्येच आहे. त्या दुरुस्त्यांनाही तीन प्रांतांचा नकाराधिकार लागू ठेवला होता, आणि मिळालेले अधिकार कुर्द आपण होऊन परत देणार नव्हते. शिवाय तोपर्यंत देश पेटला होता. २२ फेब्रुवारी २००६ रोजी सामर्‍यातल्या अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवला गेला, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत बगदादच्या मिश्र वस्त्या रक्ताने वेगळ्या झाल्या.

घाई न करता हे जमतं का? दक्षिण आफ्रिकेने १९९३ मध्ये आधी तात्पुरती घटना केली, त्यात ३४ तत्त्वं ठरवली, मग निवडून आलेल्या सभागृहाने दोन वर्षं मसुद्यावर काम केलं, लोकांकडून लाखो सूचना आल्या. १९९६ मध्ये तयार झालेला मसुदा तिथल्या घटना न्यायालयाने एकदा परत पाठवला, कारण तो ठरलेल्या तत्त्वांत बसत नव्हता. दुरुस्त करून तो पुन्हा आणला. इराकमध्ये संयुक्त राष्ट्रांचे घटनाविषयक सल्लागार निकोलस हेसम हे नेल्सन मंडेलांचे कायदा सल्लागार राहिलेले. म्हणजे ही वाट माहीत असलेला माणूस बगदादमध्ये हजर होता. हाती वेळच नव्हता.

आपल्या घटना समितीतही हा प्रसंग आला होता, आणि त्यात दोन मराठी माणसं होती. डिसेंबर १९४६ मध्ये मुस्लिम लीग गैरहजर असताना नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुकुंदराव जयकरांनी दुरुस्ती सुचवली की लीगला आणि संस्थानांना येऊ द्या, तोवर ठराव थांबवा. सभागृहाचा सूर जयकरांविरुद्ध होता. १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी जयकरांची बाजू घेतली. असं करण्याचा अधिकार आपल्याला आहे का, एवढंच बघू नका, असं करणं शहाणपणाचं आहे का ते बघा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ठराव जानेवारीपर्यंत थांबवला गेला. लीग आली नाहीच, हेही खरं. पण वाट पाहिली होती, ही गोष्ट नोंदली गेली, आणि पुढे मसुदा १९४८ मध्ये छापून आठ महिने लोकांपुढे ठेवला गेला. इराकी नेत्यांना २००५ मध्ये अधिकार पूर्ण होता. मुदतवाढ न मागण्याचा त्यांचा निर्णय कायद्यात बसत होता.

राहिला एक प्रश्न, जो बरेच लोक विचारतात: पंतप्रधान शिया, राष्ट्राध्यक्ष कुर्द, संसदेचा अध्यक्ष सुन्नी, हे इराकच्या घटनेत लिहिलंय का? नाही. त्याचा एक शब्दही नाही. बोस्नियाने १९९५ मध्ये अशा वाटण्या थेट घटनेत लिहिल्या, आणि त्यामुळे ज्यू किंवा रोमा माणसाला तिथे राष्ट्राध्यक्षपदाला उभंच राहता येत नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये ते चूक ठरवलं, तरी ते कलम हललेलं नाही. इराकमध्ये वाटणी लिहिली नाही, पण रूढ झाली. सुरुवात २००३ सालच्या नेमलेल्या शासन परिषदेपासूनच होती: २५ जण, त्यात १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमेन, १ ख्रिस्ती. इराकी लोक या पद्धतीला 'मुहासासा' म्हणतात. मंत्रालयं, महामंडळं, अगदी शिपायाची नोकरीसुद्धा गटांच्या कोट्यातून जाते. ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदाद, नासिरिया, बसरा इथे रस्त्यावर उतरलेली तरुण मुलं बहुतेक शियाच होती, आणि त्यांचा राग शिया पक्षांच्याच सरकारवर होता. 'आम्हाला देश हवा' ही त्यांची घोषणा होती, आणि घटना बदला ही एक मागणी. शेकडो मुलं गोळ्यांनी मेली. घटनादुरुस्तीसाठी तेव्हाही एक समिती नेमली गेली.

घटनेतलं कलम ४१ सांगतं की लग्न, घटस्फोट, वारसा याबाबत प्रत्येकाला आपापल्या धर्म-पंथाप्रमाणे वागायचं स्वातंत्र्य आहे, कायद्याने ठरेल तसं. इराकमध्ये १९५९ पासून सर्व पंथांच्या मुसलमानांना एकच कौटुंबिक कायदा होता, आणि तो स्त्रियांच्या दृष्टीने आसपासच्या देशांपेक्षा बरा होता. डिसेंबर २००३ मध्ये तो रद्द करायचा प्रयत्न झाला तेव्हा बायका रस्त्यावर आल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. कलम ४१ मुळे तो दरवाजा उघडा राहिला. २१ जानेवारी २०२५ रोजी संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून शिया कुटुंबांना शिया धर्मशास्त्राचे नियम निवडायची मुभा दिली. शिया पक्षांना ही दुरुस्ती हवी होती. त्याच बैठकीत सुन्नी पक्षांना हवा असलेला कैद्यांच्या माफीचा कायदा झाला, आणि कुर्द-तुर्कमेनांच्या हिसकावलेल्या जमिनी परत करण्याचाही. तिन्ही कायद्यांवर वेगवेगळं मत घेतलं नाही. ते एका गठ्ठ्यात बांधून एकदम मंजूर केले. कौटुंबिक दुरुस्तीला विरोध असलेल्या सुन्नी किंवा कुर्द खासदाराला 'नाही' म्हणायचं, तर स्वतःच्या समाजाचा कायदाही त्याबरोबर पाडावा लागला असता. आपल्या मुलींच्या लग्नाचं वय आणि मुलांचा ताबा यासाठी वीस वर्षं झगडणाऱ्या इराकी बायकांची बाजू त्या गठ्ठ्यात कुणाच्याच वाट्याला आलेली नव्हती.